भर उन्हाळ्यात जेजू बेटावरचं हाल्लिम पार्क कसं पाहावं

कोरियातला उन्हाळा जून, जुलै आणि ऑगस्ट असा तीन महिन्यांचा. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू होतो आणि मधेच पावसाचा एक महिना येऊन जातो. मुलांच्या सुट्टीचा मेळ बसवायचा म्हणून बरेच जण याच दिवसांत जेजूला जातात, दुपारी बाराला एखाद्या बागेत शिरतात, तासाभरात घामाघूम होऊन बाहेर पडतात आणि ‘बघण्यासारखं फार काही नव्हतं’ असं सांगतात. बाग तीच असते, वेळ चुकलेली असते.

बेटावर बागा पुष्कळ आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने उन्हाळ्यात एकच मोठी बाग निवडायची तर पश्चिम किनाऱ्यावरचं हाल्लिम पार्क निवडावं. दक्षिणेला जुंगमुनजवळचं योमिजी हे काचघरासाठी प्रसिद्ध आहे, पण भर ऑगस्टात काचघरात शिरण्याची हौस किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. हाल्लिममध्ये झाडांच्या जोडीला जमिनीखाली दोन गुहा आहेत, तळी आहेत आणि फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडे समुद्र आहे. उन्हाळ्याचा दिवस काढायला याहून सोयीची जोडणी बेटावर सापडणं कठीण.

जागा समजून घ्या

१९७१ मध्ये सोंग बोंग-ग्यू या जेजूच्याच माणसाने ह्योपजे गावाजवळची किनाऱ्यालगतची ओसाड वाळूची जमीन विकत घेतली. तिथे खालून काळा खडक, वर शिंपल्यांची पांढरी वाळू आणि बाराही महिने समुद्राचा वारा, म्हणजे झाड लावायला मुद्दाम कोणी निवडणार नाही अशी जागा. ट्रकांनी माती आणून ती वाळू झाकली आणि त्यात ताडकुळातली झाडं लावली. आज पार्क साधारण एक लाख प्योंग आहे. प्योंग हे कोरियातलं जुनं माप, एक प्योंग म्हणजे ३.३ चौरस मीटर. आपल्या हिशेबाने ही ८० एकरांच्या आसपास जागा झाली. ती नऊ भागांत विभागली आहे: ताडांचा रस्ता, रानफुलांची बाग, गुहा, जेजूचे दगड आणि बोन्साय, जुन्या घरांचं गाव, पक्ष्यांचा विभाग, दगडांचं दालन, तळ्यांची बाग आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांची बाग.

न थांबता चाललं तर दीड तासात फेरी होते. थांबत, बसत, फोटो काढत फिरायला तीन ते साडेतीन तास धरा. वेळापत्रकात दीड तास लिहून येणाऱ्यांना तळी आणि गुहा या दोन उत्तम गोष्टींतली एक सोडावी लागते.

कोणत्या आठवड्यात जायचं

जून आणि जुलैचा पहिला आठवडा हायड्रेंजियाचा. या फुलांचे गेंद पाव किलोच्या फ्लॉवरएवढे मोठे होतात. माती आम्ल असेल तर निळे, अल्कधर्मी असेल तर गुलाबी. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळतं, ते मुळांतून वर जातं आणि फुलाला निळं करतं. वय वाढतं तसाही रंग बदलत जातो. जेजूचे लोक याला ‘दोच्छेबी-क्कोत’ म्हणतात, म्हणजे भुताचं फूल, कारण ते आज एक रंग दाखवतं आणि आठवड्याने दुसरा.

याच काळात पावसाळा असतो. तिकडे त्याला ‘जांगमा’ म्हणतात. जेजूत तो सरासरी १९ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि २० जुलैच्या आसपास सरतो. कोकणातल्या पावसाची सवय असलेल्याला हा पाऊस घाबरवत नाही, मात्र वारा त्रास देतो. छत्री दहा मिनिटांत उलटी होते, म्हणून रेनकोट घ्यावा, तोही कमरेखाली जाणारा. हायड्रेंजियाचं रूप पावसातच खुलतं. ऊन पडलं की हेच गेंद दुपारी मान टाकतात.

२० जुलैनंतर आकाश मोकळं होतं. मग ऊन, दमट हवा आणि ३० अंशांच्या वरची दुपार. आकडा नागपूरकराला किरकोळ वाटेल, पण घाम वाळत नाही. मे महिन्यातली मुंबई डोळ्यांपुढे आणा. कमळं आणि कुमुदिनी याच दिवसांत भरात असतात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत बेटावरच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला गुलाबी फुलांनी लगडलेलं एक मध्यम झाड दिसतं. पाकळ्या चुण्या पडलेल्या क्रेप कागदासारख्या, खोड गुळगुळीत. हे ताम्हणाचं सख्खं भावंड, ‘लॅगरस्ट्रोमिया’ याच कुळीतलं. कोरियन लोक त्याला ‘शंभर दिवस लाल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

ऑगस्टपासून चक्रीवादळांचा काळ सुरू होतो. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी बागेचा बेत सरळ रद्द करा. विमानंही उडत नसतात आणि उंच ताडांच्या वाळलेल्या झावळ्या वाऱ्यात खाली येतात. बेत आखताना एक दिवस राखीव ठेवावा म्हणजे दैवावर विसंबावं लागत नाही.

एकच सल्ला द्यायचा तर जुलैचा शेवटचा आठवडा टाळा. कोरियन लोकांच्या सुट्ट्या तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत एकवटलेल्या असतात. जूनचा दुसरा आठवडा किंवा ऑगस्टची अखेर, यांतलं एक निवडा. पहिल्यात हायड्रेंजिया मिळतो, दुसऱ्यात कमळांचा शेवटचा बहर आणि निवांतपणा.

निघण्याआधी

भारतातून जेजूला थेट विमान नाही. परदेशातल्या एखाद्या शहरातून थेट जेजूला उतरणाऱ्या भारतीयांना ठरावीक दिवसांची व्हिसामाफी मिळते, पण ती फक्त बेटापुरती. सोलमार्गे जायचं असेल किंवा जेजूनंतर सोल पाहायचं असेल तर कोरियाचा व्हिसा लागतो. इथे गफलत झाली तर विमानतळावरूनच परत फिरावं लागतं, म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाचे त्या वेळचे नियम वाचा. सोलमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आंतरराष्ट्रीय विमानं इंचॉनला उतरतात, तर जेजूची बहुतेक विमानं गिम्पोवरून सुटतात. हे दोन वेगळे विमानतळ आहेत. मध्ये रेल्वे आहे, पण सामान घेणं, रांगा आणि प्रवास मिळून चार तासांचं अंतर ठेवलं तर धावपळ होत नाही.

फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच उतरवून घ्या. आपल्या सवयीचा गुगलचा नकाशा कोरियात गाडीचा किंवा पायी जाण्याचा मार्ग नीट दाखवत नाही आणि हे बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर कळतं. नेव्हर इंग्रजीत चालतो.

बसने फिरायचं तर टी-मनी कार्ड घ्या. ते किराणावजा छोट्या दुकानांत मिळतं आणि त्यात पैसे भरायला रोख रक्कम लागते. तेव्हा सगळं कार्डावर भागेल असं समजून रोख न नेणं ही चूक करू नका. वीस-तीस हजार वॉन रोख जवळ असू द्या.

बागेपर्यंत पोहोचणं

विमानतळापासून पार्क ३० ते ३५ किलोमीटर आहे. गाडीने ५० मिनिटं ते एक तास.

बसने जायचं तर जेजू शहराच्या बस टर्मिनलवरून पश्चिम किनाऱ्याने जाणारी २०२ क्रमांकाची निळी बस पकडा. ती ‘हाल्लिम पार्क’ याच नावाच्या थांब्यावर उतरवते. सव्वा ते दीड तास लागतो आणि भाडं साधारण बाराशे वॉन. १०२ क्रमांकाची लाल बस जलद आहे, विमानतळावरूनही मिळते. तिने हाल्लिम गावापर्यंत जाऊन पुढे २०२ घेता येते. थांब्यावर बस येताना दिसली की हात करा, नाहीतर चालक पुढे निघून जातो. चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर पुढची बस बदलताना मिळणारी सवलत जाते. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला अधूनमधून दिसत राहतो.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. काउंटरवर पासपोर्टसह तिन्ही मागतात. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिल्या दिवशी चूक सरळ रस्त्यावर होत नाही, ती होते पार्किंगमधून बाहेर पडताना, कारण तिथे मागेपुढे कोणी नसतं आणि सवयीने गाडी डावीकडे जाते. गाडीतल्या मार्गदर्शक यंत्रात कोरियन लिपीत पत्ता घालायची गरज नाही. ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक टाकला की ते मार्ग दाखवतं, आणि तो क्रमांक नेव्हर मॅपवर मिळतो. शाळांच्या परिसरात वेगमर्यादा ताशी ३० असते, कॅमेरे सगळीकडे आहेत आणि दंडाची रक्कम गाडी देणारे नंतर तुमच्या कार्डावरून घेतात.

फाटक सकाळी ९ ला उघडतं. मोठ्यांचं तिकीट १५,००० वॉनच्या आसपास, मुलांना कमी. परदेशी प्रवाशांसाठीच्या तिकीट-ॲपवर ते थोडं स्वस्त मिळतं. संध्याकाळी तिकीट देणं बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि बाग मिटण्याच्या बरीच आधी असते, म्हणून ‘सहाच्या आत पोहोचलो म्हणजे झालं’ असा हिशेब करू नका. तसंही उन्हाळ्यात तुम्हाला सकाळीच यायचं आहे.

पिशवीत काय

माणशी एक लिटर पाणी. बेटाच्या पोटातल्या खडकातून उपसलेलं ‘साम्दासू’ हे बाटलीबंद पाणी कुठल्याही दुकानात मिळतं. दोन लिटरची बाटली घेऊन घरून आणलेल्या छोट्या बाटल्या भरल्या तर स्वस्त पडतं. दोरीची टोपी घ्या, साधी टोपी वाऱ्याने तळ्यात जाते. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा ऊन आणि डास दोन्हींवर चालतो. पायात मागून पट्टा असलेली किंवा बंद पादत्राणं, तळवा खरखरीत. गुहेतली जमीन ओली असते आणि स्लिपरवाले तिथेच घसरतात. डासांचं मलम, एक कोरडा टीशर्ट, एक प्लॅस्टिकची बंद होणारी पिशवी. या शेवटच्या दोन वस्तू कशाला, ते गुहांपाशी कळेल.

आत शिरल्यावर: बाग उलटी फिरा

बाण सगळ्यांना ताडांच्या रस्त्याकडून गुहांकडे, मग बोन्साय, गाव आणि पक्षी असं करत शेवटी तळ्यांकडे नेतात. वसंतात हा क्रम उत्तम. उन्हाळ्यात मात्र त्याने दोन गोष्टी बिघडतात. गुहेचा गारवा सकाळी साडेनऊलाच, म्हणजे त्याची गरज नसताना संपतो आणि तळ्यापाशी पोहोचेपर्यंत कमळं मिटायला लागलेली असतात.

म्हणून फाटकापाशी नकाशा हातात घ्या आणि आधी तळ्यांची बाग शोधा. वाटेत ताडांचा रस्ता लागला तर त्याचे फोटो तेव्हाच उरकून टाका. ही झाडं खूप उंच आणि माथ्यावरचा पिसारा एवढासा, त्यामुळे त्यांची सावली जमिनीवर पडते ती परातीएवढी. दहानंतर हा रस्ता म्हणजे नुसता तवा. कोकणी माणसाला इथे नारळाचा भास होतो, पण यातलं एकही झाड नारळाचं नाही. पंख्यासारख्या पानांची ती वॉशिंग्टोनिया आणि पिसासारख्या पानांचा, जाड बुंध्याचा तो कॅनरी बेटांवरचा खजूर. जेजूच्या हिवाळ्यात तापमान शून्याजवळ जातं, तेव्हा उघड्यावर नारळ तग धरत नाही.

तळ्यापाशी सकाळचा पहिला तास द्या. इथे दोन प्रकारची फुलं आहेत आणि बरेच लोक दोन्हींना कमळच म्हणतात. खरं कमळ पाण्यापासून हात-दीड हात वर देठावर उभं राहतं, त्याचं पान अखंड गोल असतं आणि त्यावर पाणी ठरत नाही. कुमुदिनीचं पान पाण्यावर टेकलेलं आणि एका बाजूने चिरलेलं. कमळ पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. एक फूल तीन-चार दिवसच टिकतं. पहिल्या दिवशी ते अर्धवट उघडतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत देखणं असतं आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळून मधला शॉवरसारखा भोकाभोकांचा भाग उरतो. तेव्हा फोटोसाठी सर्वांत मोठं उघडलेलं फूल निवडू नका, ते संपत आलेलं असतं. कडा उचललेली, परातीसारखी मोठी पानं दिसली तर ती व्हिक्टोरिया, कुमुदिनीचीच मोठी बहीण. तिचं फूल संध्याकाळी उमलतं, पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी, म्हणून दिवसा फाटकात आलेल्याला बहुधा पानांवरच समाधान मानावं लागतं. पानाचं खालचं अंग काट्यांनी भरलेलं असतं, काठावरून उचलून पाहायचा मोह आवरा.

डास इथेच सर्वांत जास्त. मलम फाटकाबाहेरच लावून आत या.

तळ्यांकडून उलट चालत पक्ष्यांच्या विभागात येता. मोर पाहायला कोरियात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तरी एक सूचना: विणीचा काळ संपला की मोर पिसारा टाकतात, ऑगस्टात गेलात तर बहुतेक नर बोडके दिसतील. मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही. शहामृगाच्या कुंपणाजवळ हातातलं खाणं आणि चष्मा सांभाळा.

मग जुन्या घरांचं गाव. गवताने शाकारलेली घरं, छपरावर दोऱ्यांचं चौकटीचौकटीचं जाळं, भिंतीत काळा दगड. हे जाळं शोभेचं नाही, वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून ते बांधतात. घरांभोवतीच्या गडग्यांच्या दगडांत मुद्दाम फटी असतात. वारा त्यांतून गाळून जातो, म्हणून चुना-सिमेंट नसताना भिंत उभी राहते. कोकणातल्या गडग्यांशी ताडून पाहावं असं हे काम आहे आणि गर्दी इथे सहसा थांबत नाही.

बोन्सायचा विभाग उन्हात आहे. झाडं खरोखर उत्तम आहेत, जुनिपर आणि काळा पाइन विशेष, पण साडेअकराच्या उन्हात कुणाला पंधरा मिनिटांहून जास्त उभं राहवत नाही. सकाळ ढगाळ मिळाली तर अर्धा तास द्या. झाडाला हात लावायचा नाही, शेवाळ्यावर तर मुळीच नाही. 

उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या बागेत केळी, निवडुंग आणि बोगनवेल आहे. कोरियन माणूस इथे डोळे विस्फारून उभा राहतो. आपल्याकडच्याला दहा मिनिटं पुरेत, आणि तीही सकाळीच.

गुहा: दुपारी बाराची जागा

ह्योपजे आणि सांगयोंग अशा दोन गुहा एकामागून एक पाहता येतात. इथे मात्र उलट फिरता येत नाही. ह्योपजेच्या तोंडातून आत शिरायचं आणि सांगयोंगमधून बाहेर पडायचं, म्हणून बोन्सायकडून आलात तरी आधी पहिल्या तोंडापर्यंत चालत जा. ही दोन तोंडं नीट बघून घेतली नाहीत तर उन्हात उगाच एक फेरी पडते.

आत बाराही महिने १७ ते १८ अंश तापमान असतं. बाहेरचं ३२ अंशांचं ऊन सोडून पायऱ्या उतरलात की चौथ्या पायरीवर अंगावर काटा येतो. घामाने भिजलेला सदरा अंगावर गार पडतो आणि लहान मुलं कुडकुडायला लागतात. तो कोरडा टीशर्ट इथे, आत शिरण्याआधी बदलायचा.

या गुहांत पाहायचं काय, हे कळलं नाही तर त्या ओल्या बोगद्याहून वेगळ्या वाटणार नाहीत. जेजू हे ज्वालामुखीचं बेट. लाव्हा वाहत असताना त्याचा वरचा थर गार होऊन घट्ट होतो, आतला पातळ लाव्हा वाहून पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. अशा नळीत सहसा छताला लोंबणारे चुन्याचे झुंबर नसतात, कारण लाव्हाच्या खडकात तेवढा चुनाच नसतो. चुनखडीच्या गुहा आणि लाव्हाच्या गुहा हे भूगर्भशास्त्रात दोन वेगळे संसार. हाल्लिममध्ये ते एकत्र आले, आणि त्याचं कारण वरच्या वाळूत आहे. ती शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. पावसाचं पाणी ती वाळू थोडी थोडी विरघळवत खाली झिरपतं, खडकाच्या फटींतून गुहेत थेंब थेंब पडतं आणि प्रत्येक थेंब मागे किंचित चुना सोडतो. म्हणून काळ्या भिंतींवर पांढरट-पिवळे ओघळ, छताला बारीक नळ्या आणि जमिनीवर खुंट दिसतात. ह्योपजेसह या परिसरातल्या लाव्हा-गुहांना कोरियाने १९७१ मध्ये नैसर्गिक स्मारक क्रमांक २३६ म्हणून संरक्षण दिलं. त्यांतली ‘सोनेरी’ म्हणून ओळखली जाणारी गुहा लोकांसाठी बंद आहे. पार्कातली ह्योपजेची वाट १९८१ मध्ये मोकळी करून सांगयोंगला जोडली गेली आणि १९८३ मध्ये दोन्ही लोकांना खुल्या झाल्या.

छताकडे नुसतं बघत चालू नका. थांबा, मग वर बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तीन-चार मिनिटं लागतात आणि बहुतेक माणसं तेवढ्यात अर्धी गुहा ओलांडून गेलेली असतात. ओघळांना हात लावू नका. बोटाचा तेलकटपणा दगडावर राहतो आणि त्या जागी चुना नीट बसत नाही. दिव्यांच्या आसपास हिरवट डाग दिसतील, ते गुहेतले नाहीत. दिव्याच्या उजेडावर वाढलेलं ते शेवाळ.

बाहेर पडताना कॅमेरा आणि चष्म्याचा घोळ होतो. गार झालेल्या काचेला बाहेरची दमट हवा लागताच तिच्यावर पाणी धरतं, अगदी फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं. भिंगाच्या आत पाणी धरलं तर दिवसभर फोटो धूसर येतात. म्हणून गुहेच्या आतच कॅमेरा त्या बंद पिशवीत घाला, बाहेर सावलीत पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या आणि मग काढा. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही. चष्मा पुसण्यात अर्थ नाही, दोन मिनिटं थांबलं की तो आपोआप साफ होतो. पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून चष्मा पुसणाऱ्यामुळे मात्र मागची रांग अडते.

दोन्ही गुहांना मिळून ३० ते ४० मिनिटं. वाटेत पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी छत ठेंगणं आहे. बाबागाडी आत नेऊ नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी पहिल्याच गुहेच्या तोंडाशी बसून गारवा घेतला तरी निम्मा उद्देश साधतो.

जेवण

जुन्या घरांच्या गावाजवळ खाण्याची सोय आहे. कांद्याच्या पातीचं धिरडं, म्हणजे पाजोन, हा शाकाहाऱ्यांना सोपा पर्याय वाटतो, पण त्यात बहुधा कोळंबी किंवा माकुळ असते. किमचीत माशाची किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असते. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागताना ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणा, म्हणजे मांस काढून द्या. तेवढ्याने अंडं आणि सूपमधला मासळीचा अर्क जात नाही, त्यासाठी फोनवर कोरियन भाषेत लिहिलेली दोन वाक्यं तयार ठेवावीत. काटेकोर शाकाहारी असाल तर सकाळीच सोबत दशम्या आणि कोरडी चटणी घेऊन या आणि पार्किंगजवळच्या बाकावर खा. भारतातून निघताना ताजी फळं, बिया किंवा रोपं मात्र सामानात घालू नका. कोरियाच्या सीमाशुल्कात ती काढून घेतात आणि न सांगितल्यास दंडही होतो. परत येतानाही तोच नियम उलट दिशेने लागू आहे. दुकानातलं गोजिरवाणं रोप आवश्यक प्रमाणपत्रांशिवाय भारतात आणता येत नाही.

हाल्लाबोंग या जेजूच्या प्रसिद्ध संत्र्याचा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात त्याचा रस किंवा आइस्क्रीम मिळतं, ताज्या फळाची अपेक्षा ठेवू नका.

त्रास झाला तर

घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं किंवा मूल अचानक मलूल झालं तर सर्वांत जवळची गार जागा गुहेचं तोंड आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांना खूण करा. रुग्णवाहिकेसाठी ११९. भाषेची अडचण असेल तर १३३० या पर्यटक मदतक्रमांकावर चोवीस तास इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं, ते दुभाष्याचंही काम करतं. फोन अचानक मोठ्याने किंचाळला तर घाबरू नका. उष्णतेच्या किंवा पावसाच्या इशाऱ्याचा सरकारी संदेश सगळ्यांच्याच फोनवर एकदम वाजतो.

दुपारनंतर

एक-दीडला बाहेर पडलात तर लगेच समुद्रावर जाऊ नका. समोरची ह्योपजे आणि तिला लागून असलेली गुमनुंग, दोन्ही चौपाट्यांच्या वाळूवर सावली नाही आणि पांढऱ्या वाळूवरून ऊन डोळ्यांत परततं. ही वाळू तीच, जिच्यामुळे गुहेत झुंबरं झाली. चारपर्यंत एखाद्या कॉफीच्या दुकानात बसा. मग उतरा. पाणी बऱ्याच अंतरापर्यंत कमरेइतकंच खोल आहे, समोर बियांगदो हे टोपीच्या आकाराचं बेट दिसतं आणि सूर्य समुद्राच्या बाजूलाच मावळतो. जीवरक्षक जुलै-ऑगस्टच्या हंगामात, दिवसाच्या ठरावीक वेळेतच असतात. बाकी वेळी पोहू नये. अंघोळीची सोय पैसे देऊन मिळते.

बसने परतायचं तर ओले कपडे बदलूनच थांब्यावर जा, ओल्या अंगाने चालक आत घेत नाहीत. जेजू शहराकडे जाणारी २०२ सकाळी उतरलात त्याच्या समोरच्या थांब्यावर मिळते. चढण्याआधी पाटीवर ‘जेजू टर्मिनल’ आहे ना, ते फोनवरच्या नकाशाशी जुळवून बघा. उलट दिशेची बसही २०२च असते आणि ती तुम्हाला अंधारात बेटाच्या पश्चिम टोकाकडच्या गोसानला नेऊन सोडते.